दोन फियाट, एक पार्किंग: बाबांच्या पद्मिनीचं काय करावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही ठाण्यात राहता. वडिलांनी १९८४ मध्ये नवी घेतलेली प्रीमियर पद्मिनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेली सहाएक वर्षं उभी आहे. वडील आता नाहीत. मधल्या काळात कोल्हापूरकडे १९६७ची फियाट डिलाइट चालू स्थितीत मिळाली आणि तुम्ही ती घेतली. आता गाड्या दोन, जागा एक, आणि सोसायटीचं पत्र हातात. पद्मिनी विकावी, दुरुस्त करून ठेवावी, डिलाइटसाठी सुट्या भागांचा साठा म्हणून ठेवावी, की सरळ भंगारात काढावी?

पुण्यात माझं गॅरेज आहे आणि कामात जुन्या फियाटच जास्त. त्यामुळे हा प्रश्न दर काही महिन्यांनी वेगवेगळ्या तोंडून ऐकतो. बहुतेक जण विचारतात की दोन्हींतली कुठली गाडी जास्त मोलाची. उत्तर सोपं आहे, डिलाइट जुनी, तिची किंमत जास्त. पण त्यानं तुमचा काहीच प्रश्न सुटत नाही. खरी अडचण अशी की डिलाइट घरात आल्यावर पद्मिनी सुरू करण्याची निकड संपली. आधी मन खात होतं, 'बाबांची गाडी उभी आहे, काहीतरी केलं पाहिजे.' आता रविवारी चालवायला दुसरी आहे. पैसे आणि वेळ तिकडे जाणार, कारण नव्यानं आलेल्या जुन्या गाडीत पहिल्या वर्षी कामं निघतातच. पद्मिनी आणखी चार वर्षं तशीच उभी राहील आणि मग निर्णय तुम्ही घेणार नाही, गंज घेईल. म्हणून काय करायचं याहीपेक्षा कधीपर्यंत करायचं हे मी आधी ठरवायला सांगतो.

गाडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे बरंच काही जर-तरवर जाईल. आरसी कोणाच्या नावावर आहे, खालचा पत्रा किती शिल्लक आहे आणि छप्पर असलेली दुसरी जागा कुठे मिळते का, या तीन गोष्टी कळल्या की पुढचं आपोआप मोकळं होतं. इंजिन चालू आहे की नाही हे लोक सगळ्यात आधी सांगतात. मी ते सगळ्यात शेवटी विचारतो.

आधी कागद. वडिलांच्या नावावरची गाडी तुम्ही विकू शकत नाही, कायदेशीरपणे भंगारातही देऊ शकत नाही, आणि तिचा विमा तुमच्या नावावर नीट निघत नाही. मालकाच्या मृत्यूनंतर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर गाडी करून घ्यायची, असा नियम आहे. ही मुदत पाळलेली घरं मला फारशी भेटत नाहीत. दुःखात कोणाला आरसी आठवते? मुदत टळली म्हणून काम होत नाही असं नाही, दंड भरून होतं. पण त्यासाठी मृत्यूचा दाखला लागतो आणि बाकीच्या वारसांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं. म्हणजे आई, भाऊ, बहीण जे कोणी असतील ते सगळे. अनेकदा गाडी अडते ती इथे. बहिणीला कोणी विचारलेलंच नसतं, आणि गिऱ्हाईक दारात आल्यावर तिला फोन जातो की अमुक कागदावर सही कर. तिनं त्याच गाडीतून शाळेचा पहिला दिवस पाहिलेला असतो. सही मागण्याआधी तिला गाडी हवी आहे का, हे विचारा. पुष्कळदा याच प्रश्नातून पद्मिनीला घरातल्या घरात नवी जागा मिळालेली मी पाहिली आहे.

दुसरी कागदी भानगड मुदतीची. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. १९८४ची गाडी म्हणजे १९९९, २००४ असं मोजत गेलं की शेवटची मुदत २०२४ ला संपलेली असणार, आणि त्याआधीचं २०१९चं नूतनीकरण झालं होतं की नाही हे आरसीवरच दिसेल. नूतनीकरणासाठी फॉर्म २५, विमा, पीयूसी, आणि गाडी प्रत्यक्ष तपासणीला न्यावी लागते. कारची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या कारला ती १०,००० झाली. उशिराचे महिन्याला ५०० वेगळे, शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर. हे आकडे बदलत असतात, जायच्या आधल्या दिवशी परिवहन या सरकारी साइटवर बघूनच निघा. आणखी एक आतली गोष्ट: इतक्या जुन्या गाडीची नोंद आरटीओच्या 'वाहन' नावाच्या संगणक प्रणालीत बहुधा चढलेलीच नसते. जाडजूड रजिस्टरात असते. ती संगणकावर चढवून घ्यायला आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. ती झाल्याशिवाय ऑनलाइन एकही अर्ज पुढे सरकत नाही. डिलाइटच्या बाबतीतही हे तपासा. कोल्हापूरची नोंदणी ठाण्यात आणायची असेल तर तिकडच्या रजिस्टरात तिचं पान सापडलं पाहिजे.

इथेच दोन गैरसमज काढून टाकतो. पंधरा वर्षं झाली की गाडी भंगारात द्यावीच लागते, हे महाराष्ट्रात खासगी गाडीला लागू नाही. ते दिल्ली आणि आसपासच्या प्रदेशातल्या आदेशांवरून इकडे पसरलेलं आहे. आपल्याकडे तपासणीत पास होते तोवर गाडी चालते. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी बंद झाल्या त्या टॅक्सीच्या वीस वर्षांच्या मर्यादेमुळे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती, म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर त्या संपल्या. त्याचा तुमच्या पांढऱ्या नंबरपट्टीच्या गाडीशी संबंध नाही.

दुसरा गैरसमज व्हिंटेजचा. 'जुनी आहे, व्हिंटेज करून टाकू, मग कटकट नाही,' असं लोक म्हणतात. २०२१ मध्ये केंद्राने आणलेल्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं पूर्ण झालेली, मूळ स्वरूपात असलेली, चासी-बॉडी-इंजिनात मोठे फेरफार न केलेली खासगी गाडीच त्यात बसते. तुमची पद्मिनी २०३४ पर्यंत बसत नाही. डिलाइट बसते. पण तिचीही घाई करू नका. व्हिंटेज नोंदणी दहा वर्षांची असते, नव्या नोंदणीची फी २०,००० आहे, आणि मुख्य म्हणजे त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच काढायची. तुम्हाला डिलाइट घेऊन सकाळी मिसळ खायला जायचं असेल तर साधी नोंदणी चालू ठेवणंच बरं.

आता पत्रा. इथे जरा थांबतो, कारण सगळा खर्च इथे दडलेला असतो. जीप किंवा स्टँडर्ड हेराल्डसारखी या फियाटला खाली वेगळी चासी नाही. पत्र्याचीच पेटी, तीच चासी. त्यामुळे दारांखालचा पट्टा किंवा तळ सडला म्हणजे नुसतं दिसायला वाईट नव्हे, गाडीचा कणाच गेला. वरून रंग चकाकत असेल आणि खाली बोट आत जात असेल, अशा गाड्या ठाणे-मुंबईच्या दमट हवेत मुबलक आहेत. रंगावर जाऊ नका. एक जुना स्क्रू ड्रायव्हर आणि एक लोहचुंबक घ्या. चुंबक चिकटत नसेल तिथे पुट्टी आहे. पुढच्या पायदानावरचं रबरी मॅटिंग उचला, खालचा पत्रा बघा. डिकीत स्टेपनीचा खड्डा बघा. दारांची खालची कड, चाकांच्या कमानींची आतली बाजू आणि दारांखालचे पट्टे दोन्ही टोकांना ठोकून बघा. मग चाकांना विटा लावून एका बाजूला जॅकच्या ठिकाणी गाडी थोडी उचला आणि त्या बाजूचं दार उघडून लावा. जमिनीवर नीट लागणारं दार जॅकवर अडकायला लागलं, किंवा दाराची फट वरच्या बाजूला बदललेली दिसली, तर पेटी कमजोर झाली आहे असं धरून चाला. जॅकच आत घुसायला लागला तर पुढे तपासायची गरज नाही. आणि हे करताना गाडीखाली जाऊ नका.

ही परीक्षा मी इंजिनाच्या आधी का सांगतो? फियाटचं १०८९ सीसीचं इंजिन साधं आहे. रिंगा, बेअरिंगं, व्हॉल्व्ह, सगळ्याचं काम करणारे कारागीर अजून आहेत आणि खर्चाचा अंदाज आधी बांधता येतो. पत्र्याचं तसं नाही. डेंटर जितकं कापतो तितकं आत आणखी सडलेलं निघतं. माझ्याकडे आलेल्या गाड्यांत पत्रा आणि रंगाचं बिल इंजिनाच्या बिलाच्या दुप्पट-तिप्पट झालेलं सर्रास आहे, आणि पत्र्याचं काम नेटानं करणारा माणूस सहा महिने वाट बघायला लावतो.

पत्रा ठीक निघाला तर मगच गाडी जागी करायची. सहा वर्षं उभ्या गाडीला बॅटरी लावून स्टार्टर मारणं हा सगळ्यात महागडा मोह आहे. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडंसं इंजिन ऑइल सोडा, दोन दिवस मुरू द्या. मग टॉप गिअरमध्ये टाकून गाडी ढकलून इंजिन हळूच फिरतं का ते बघा. अडलं तर जबरदस्ती नको. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असणं, ब्रेकचे सिलिंडर जाम असणं, हँडब्रेक ओढून ठेवला असेल तर मागची चाकं न फिरणं, हे गृहीतच धरा. टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढून टाका. वासावरूनच कळेल की ते पेट्रोल राहिलेलं नाही. रेडिएटरमध्ये साधं पाणी भरून ठेवलं असेल तर तेही काढा. या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे आणि गंजलेल्या पाण्यात वर्षानुवर्षं राहून त्याच्या पाण्याच्या वाटा खाल्ल्या जातात. वायरिंग उंदरांनी कुरतडलंय का ते बघूनच बॅटरी जोडा. हे सगळं तुम्ही गाडी ठेवणार असाल तरी करायचं आणि विकणार असाल तरी. 'सुरू होते' आणि 'उभी केली तेव्हा सुरू होती' या दोन वाक्यांच्या किमतीत गिऱ्हाईक फार मोठा फरक करतं.

आता तुमच्या पर्यायांकडे येतो. त्यातला सुट्या भागांचा पर्याय तुम्हाला सगळ्यात शहाणपणाचा वाटतोय हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतं, म्हणून त्याबद्दल जास्त लिहितो.

तुमचं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. डिलाइट आणि पद्मिनी एकाच घराण्यातल्या. प्रीमियरच्या कुर्ल्यातल्या एकाच कारखान्यात १९६४ पासून डिलाइट बनली, मग तिला प्रेसिडेंट नाव पडलं, १९७४ पासून पद्मिनी. जाळी, दिवे, आतलं रूप बदलत गेलं, पण मूळ पेटी आणि इंजिनाचा वंश तोच. त्यामुळे पुष्कळ भाग इकडचे तिकडे बसतात. पण उभी पद्मिनी तुम्हाला नेमके कुठले भाग देणार? गाडी चालवताना जे लागतं ते म्हणजे ब्रेकचे रबरी किट, होजपाइप, क्लच प्लेट, पॉइंट, कंडेन्सर, इंजिन माउंटिंग, वॉटर पंपाचं सील. उभ्या गाडीतले हे सगळे भाग चालत्या गाडीतल्यांपेक्षा आधी मरतात, रबर सहा वर्षांत दगड होतं. आणि हे भाग बाजारात अजून मिळतात. जे मिळत नाही ते वेगळंच आहे: पुढची काच, क्रोमच्या पट्ट्या, दारांची हँडलं, मीटर, हँड गिअरच्या जोडण्या, स्टिअरिंगचा बॉक्स, डिफरन्शिअल. यातलं क्रोम आणि मीटर तर दोन मॉडेलांत सारखे नाहीत. १९६७च्या गाडीवर १९८४चं मीटर बसवलं तर जाणकाराला लांबूनही खटकतं. म्हणजे एक अख्खी पार्किंगची जागा अडवून तुम्ही साठवणार काय, तर चार-पाच अवजड भाग आणि बाकी गंजणारा पत्रा.

टॅक्सीवाल्यांच्या काळात गणित आणखी वेगळं होतं. मुंबईत हजारो पद्मिनी रोज धावत होत्या, म्हणून कुर्ल्याच्या भंगार बाजारात, पुण्यात नाना पेठेत आणि जुन्या बाजारात भाग सतत येत-जात होते. कोणी सुटे भाग साठवून ठेवतो म्हटलं की आम्ही हसायचो. आता तो ओघ आटत चाललाय, त्यामुळे साठा करणं चूक नाही. फक्त साठा म्हणजे भाग, गाडी नव्हे. लोखंडी कपाटात तेल लावून, कापडात गुंडाळून, चिठ्ठी बांधून ठेवलेला डिफरन्शिअल वीस वर्षं टिकेल. गाडीत जागच्या जागी पावसाळे काढणारा टिकेलच असं नाही.

आणि एक सावधगिरी. पद्मिनीचं इंजिन काढून डिलाइटमध्ये टाकू, असा विचार मनात असेल तर थांबा. आरसीवर इंजिन नंबर आणि चासी नंबर दोन्ही असतात. इंजिन बदललं तर आरटीओकडून त्याची मंजुरी घेऊन नोंद करून घ्यावी लागते. न करता दोन गाड्यांची इंजिनं अदलाबदल केली तर दोन्ही आरसी एकाच दिवशी निरुपयोगी. विमा कंपनी दाव्याच्या वेळी हेच आधी बघते. शिवाय पुढे डिलाइट व्हिंटेजमध्ये न्यायची असेल तर तिचं स्वतःचं इंजिन तिच्यातच असणं हेच तिचं मोल. ते इंजिन थकलं असेल तर त्याचंच काम करून घ्या.

विकायची असेल तर चालू अवस्थेत, कागद पूर्ण करून विका. गिऱ्हाईक तीन प्रकारचं येतं. लहानपणी घरात पद्मिनी असलेला चाळिशी-पन्नाशीचा माणूस, हा सगळ्यात चांगला, थोडे कमी पैसे दिले तरी त्यालाच द्या. शूटिंगला गाड्या भाड्यानं देणारे, हे व्यवहारी असतात, भाव तोलून करतात. आणि हॉटेल-कॅफेच्या दारात शोभेला ठेवणारे. या तिसऱ्याला गाडी रस्त्यावर चालवायचीच नसते, तो कागदांचा आग्रह धरत नाही आणि म्हणूनच धोक्याचा आहे. त्याच्याकडे गाडी जाणार असेल तर आधी नोंदणी रद्द करून घ्या. गाडी कायमची वापरातून गेली तर मालकानं चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असा कायदा आहे.

मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून कोरे कागद कोणाच्या हातात देऊ नका, तो कितीही ओळखीचा असो. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या निकालात स्पष्ट केलंय की अपघाताच्या दिवशी नोंदीत ज्याचं नाव मालक म्हणून आहे, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक कितीतरी हातांत गेली होती, पण नोंद पहिल्याच मालकाच्या नावावर होती. म्हणून नाव बदलल्याचं परिवहनच्या साइटवर दिसेपर्यंत मी तरी व्यवहार पूर्ण झाला असं मानत नाही. चावी दिल्याच्या दिवशी तारीख-वेळ लिहून सही घ्या, ओळखपत्राची प्रत ठेवा, थर्ड पार्टी विमा चालू ठेवा.

विकण्याआधी चांगले भाग काढून डिलाइटला लावू का? लावा, तुमचीच गाडी आहे. फक्त गिऱ्हाईकाला आधी सांगा आणि गाडी धावायला जे लागतं त्याला हात लावू नका. काढलेल्या चार भागांपायी गाडीची किंमत त्या भागांच्या किमतीपेक्षा जास्त घसरते.

भंगाराबद्दल थोडंच. पत्र्याच्या परीक्षेत गाडी नापास झाली असेल तर भंगार हा अपमान नाही. पण गल्लीतल्या भंगारवाल्याला वजनावर देऊन आरसी कपाटात ठेवायची ही पद्धत सोडा. आरसी जिवंत आणि चासी नंबराचा तुकडा बाजारात, असं झालं की तो नंबर दुसऱ्या कुठल्या गाडीवर उगवेल सांगता येत नाही. सरकारमान्य नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, तिथे गाडी जमा केल्याचं प्रमाणपत्र (सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट) मिळतं, नोंदणी रद्द होते, आणि पुढे नवी गाडी घेताना करात सवलत मागता येते. तिथे नेण्याआधी तुम्हाला हवे ते भाग काढायचे असतील तर केंद्राला फोन करून विचारा की ते कुठल्या अवस्थेतली गाडी घेतात. वडिलांचं स्टिअरिंग व्हील, डॅशवरचा देवाचा फोटो, पद्मिनी अशी अक्षरं हे तर काढाच.

दोन्ही ठेवणं हा चौथा पर्याय, आणि मी तो सरसकट नाकारत नाही. पण त्याची अट एकच, दुसरं छप्पर. आणि त्या छपराखाली दर पंधरा दिवसांनी जाणारा माणूस. गावच्या वाड्यात, गोठ्यात 'सध्यापुरती' ठेवलेल्या गाड्या मी नंतर पाहिलेल्या आहेत. सीटमध्ये उंदरांची पिलं, टपावर कोंबड्या. असा माणूस असेल तर टाकी रिकामी ठेवा, कारण आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये ओलावा ओढला जातो, पाणी वेगळं होऊन खाली बसतं, आणि लोखंडी टाकी व कार्ब्युरेटर आतून खातं. जुन्या रबरी नळ्या आणि इंजिनाच्या पेट्रोल पंपातला पडदाही त्यानं मऊ होतो. डिलाइटच्या नळ्या तर तुम्ही या महिन्यातच बदलून घ्या, इंजिनच्या उष्णतेत पेट्रोल ठिबकणं ही थट्टा नाही. बॅटरी काढून ठेवा. हँडब्रेक सोडा, चाकांना लाकडी ठोकळे लावा. गाडी फळीवर किंवा स्टँडवर उचलून टायरांवरचा भार काढा. प्लास्टिकचं कव्हर अजिबात नको, आत घाम धरतो, सुती कव्हर घाला. आणि पाच मिनिटं इंजिन सुरू करून बंद करण्याचा सोपस्कार करू नका. सुरू केलंत तर पुरतं तापेपर्यंत, शक्य असेल तर दहा-बारा किलोमीटर चालवून आणा. नाहीतर सायलेन्सरात आणि ऑइलमध्ये पाणी साठवण्यापलीकडे त्यानं काही होत नाही.

आता तुमच्या बाबतीत मी काय करीन ते. फॉर्म ३१चं काम आजपासून सुरू करीन, गाडीचं काहीही ठरलेलं नसलं तरी, कारण चारही रस्त्यांना तो कागद लागतो. येत्या रविवारी जॅक आणि चुंबकाची परीक्षा घेईन. पत्रा नापास झाला तर जे भाग मिळत नाहीत तेवढे काढून नोंदणीकृत केंद्रात देईन. पास झाला आणि बहीण-भावांपैकी कोणाकडे जागा असेल तर त्यांना देईन. तसं कोणी नसेल तर ब्रेक, पेट्रोल, वायरिंग एवढंच करून, नव्या रंगाचा खर्च न करता चालू अवस्थेत विकीन. विकायला काढलेल्या गाडीला रंग देऊ नका, जाणकार गिऱ्हाईक नव्या रंगाखाली काय झाकलंय याच संशयानं बघतं. जुना, उडालेला, पण कंपनीचा रंग त्याला जास्त पटतो.

एक गोष्ट मात्र मी घाईनं करणार नाही. डिलाइटनं ठाण्यातला एक अख्खा पावसाळा काढेपर्यंत पद्मिनी हातची सोडणार नाही. कोल्हापूरहून घेताना ती तासभर चालवून पाहिली असेल. घोडबंदरच्या वाहतूककोंडीत, पावसात, दिवे-वायपर सगळं एकदम चालू असताना ती कशी वागते हे अजून कळलेलं नाही. कदाचित पावसाळ्यानंतर तुम्हाला उलटं वाटेल, की पद्मिनी ठेवावी आणि डिलाइट विकावी. तसं झालेलं मी पाहिलंय. १९८४ची गाडी घरच्यांना माहीत असते, तिचे सगळे रोग ठाऊक असतात आणि तिचा एकच मालक झालेला असतो. कोल्हापूरची पाहुणी कितीही देखणी असली तरी तिचा इतिहास विकणाऱ्यानं सांगितला तेवढाच.

तोवर सोसायटीच्या पत्राचं काय? सेक्रेटरींना लेखी उत्तर द्या. वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज केलाय, त्याची पोच जोडलीय, आणि अमुक तारखेपर्यंत गाडी हलवतो. तारीख खरी द्या. बेवारस उभी गाडी आणि मालकानं तारीख दिलेली गाडी यांच्याकडे समिती वेगळ्या नजरेनं बघते. तोपर्यंत चारही टायरांत हवा भरा, धुळीचा थर पुसा, विमा काढा. आवाराबाहेर रस्त्यावर ढकलून ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, मुदत संपलेली, विमा नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभी करणं हा वेगळाच व्याप आहे. आणि हलवायची वेळ येईल तेव्हा दोरीनं ओढत नेऊ नका, ब्रेक जाम असणार. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक, मागवा, तोही मागच्या चाकांचे ड्रम मोकळे करून घेतल्यावरच.

आरसीवरची मुदतीची तारीख, दारांखालच्या पट्ट्याचा आणि स्टेपनीच्या खड्ड्याचा फोटो एवढं पाठवा, नंबर झाकून. पत्र्याबद्दल मग अंदाजानं नाही, बघून सांगतो.